पोंचो सांचेझ आणि त्यांचा बँड कसा ऐकावा : तबला-ढोलकीच्या कानासाठी लॅटिन जॅझची वाट

लॅटिन जॅझ, म्हणजे क्यूबन ताल आणि जॅझ यांची सांगड, पहिल्यांदाच ऐकायला बसलेल्या मराठी श्रोत्याला सूर फारसे अडवत नाहीत. अडवतो तो ताल. भजनापासून ख्यालापर्यंत सगळीकडे समेची वाट पाहण्याची सवय लागलेला कान इथेही सम शोधू लागतो, ती अपेक्षित जागी सापडत नाही, आणि ‘छान आहे, पण सगळेच एकदम वाजवतात’ असा शेरा मारून माणूस दुसरे काहीतरी लावतो. प्रत्यक्षात या संगीतात प्रत्येक वादकाची जागा काटेकोरपणे ठरलेली असते. ती जागा ओळखायला शिकणे म्हणजेच हे संगीत ऐकायला शिकणे, आणि ज्याने थोडाफार तबला किंवा ढोलकी ऐकली आहे त्याला हे काम इतरांपेक्षा सोपे जाते. अट एवढीच की काही सवयी तात्पुरत्या बाजूला ठेवायची तयारी हवी.

सुरुवातीला दहा कलाकारांची दहा गाणी ऐकण्यापेक्षा एकच बँड निवडून तो पुन्हा पुन्हा ऐकावा. त्यासाठी मी पोंचो सांचेझ यांचे नाव सुचवतो. त्यांच्या बँडचा प्रमुख स्वतः काँगा या हाताने वाजवायच्या ड्रमचा वादक असल्यामुळे ध्वनिमुद्रणात काँगा मागे दडलेला नसतो, तो स्पष्ट ऐकू येतो. बहुतेक रचनांची लय मध्यम असते. आणि वादक साधारण आठच असल्यामुळे कोण काय वाजवतो आहे हे वेगळे काढता येते. या क्षेत्रात त्यांच्याहून अधिक क्रांतिकारक माणसे होऊन गेली, यात शंका नाही, पण नवख्या माणसाला क्रांतीपेक्षा स्पष्टतेची गरज अधिक असते.

पहिली पायरी : वादक कोणत्या परंपरेतला आहे ते समजून घ्या

पोंचो सांचेझ यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९५१ रोजी टेक्सासमधील लारेडो येथे एका मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबात झाला. अकरा भावंडांतले ते सर्वांत धाकटे. कुटुंब लवकरच कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसजवळच्या नॉरवॉक या गावी गेले आणि तेथे थोरल्या भावंडांच्या मांबो व चाचाचा या क्यूबन नृत्यसंगीताच्या तबकड्या ऐकत ते वाढले. म्हणजे हे वाद्य ज्या क्यूबाचे, तेथे ते जन्मले नाहीत आणि कोणा उस्तादाकडे गंडाही बांधला नाही. गिटार, गायन, बासरी असे करत ते काँगापर्यंत पोहोचले आणि तो मुख्यतः तबकड्या ऐकूनच शिकले.

१९७५ मध्ये त्यांना व्हायब्राफोन या धातूच्या पट्ट्यांच्या वाद्याचे वादक कॅल चेडर यांच्या बँडमध्ये जागा मिळाली, आणि ही घटना समजल्याशिवाय त्यांचे पुढचे संगीत नीट उलगडत नाही. स्वीडिश वंशाचे अमेरिकन असलेले चेडर १९५० च्या दशकापासून क्यूबन ताल आणि जॅझ यांची सांगड घालत होते. त्यांच्याच बँडमध्ये पूर्वी हवानाचे मोंगो सांतामारिया काँगा वाजवत असत. सांतामारियांची ‘अफ्रो ब्लू’ ही रचना १९५९ मध्ये चेडर यांच्या बँडनेच प्रथम ध्वनिमुद्रित केली आणि पुढे सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांनी ती जगभर नेली. सांचेझ ज्यांना आदर्श मानत, त्यांनीच एकेकाळी सांभाळलेली जागा त्यांच्या वाट्याला आली. १९८२ मध्ये मनिला येथे दौऱ्यावर असताना चेडर यांचे निधन होईपर्यंत ते त्या बँडमध्ये राहिले, आणि त्यानंतर त्यांचा स्वतःचा बँड कॉनकॉर्ड पिकांते या कंपनीकडून तबकड्या काढू लागला. ‘लॅटिन सोल’ या १९९९ च्या तबकडीला २००० साली लॅटिन जॅझ विभागातील ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

याच्याही मागे जायचे तर दोन नावे पुरेशी आहेत. न्यूयॉर्कमध्ये माचितो आणि मारियो बाउझा या क्यूबन मेहुण्यांनी १९४० च्या दशकात क्यूबन तालावर जॅझचा मोठा बँड उभा केला. आणि १९४७ मध्ये ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी यांनी हवानाच्या चानो पोसो यांना आपल्या बँडमध्ये घेतले, तेव्हा काँगा जॅझच्या रंगमंचावर पुढे आला. पोसो यांचा १९४८ च्या डिसेंबरात हार्लेममध्ये खून झाला. गिलेस्पींबरोबरचे त्यांचे काम जेमतेम वर्षभराचे, तरी त्याचा परिणाम आजही ऐकू येतो.

दुसरी पायरी : वाद्ये एकेक करून वेगळी काढा

एक रचना निवडावी आणि ती सलग चार-पाच वेळा ऐकावी, मात्र प्रत्येक वेळी एकाच वाद्याचा पाठपुरावा करावा. हे काम हेडफोनवर अधिक चांगले होते, कारण मोबाइलच्या लहान स्पीकरमधून बास जवळजवळ नाहीसा होतो, आणि बास ऐकू आला नाही तर पुढची चौथी पायरी चढताच येत नाही.

काँगा म्हणजे हाताने वाजवायचा उंच, पिंपासारखा, खालून उघडा ड्रम. आपल्याकडच्या वाद्यवृंदांत त्याला सरसकट तुंबा म्हणतात. क्यूबन पद्धतीत मात्र तुंबा हे त्यांतल्या सर्वांत मोठ्या, खर्जाच्या ड्रमचे नाव असून मधल्याला काँगा आणि लहान, चढ्या आवाजाच्या ड्रमला किंतो म्हणतात. तबल्यासारखी शाई त्याच्या पुडीवर नसते, त्यामुळे सूर तबल्याइतका टोकदार लागत नाही, तरीही ड्रम एकमेकांशी मिळवलेले असतात. अनेक वादक तुंबा षड्जावर मानला तर काँगा मध्यमावर आणि किंतो शुद्ध धैवतावर ठेवतात. एकल वादनात जी चाल ऐकल्याचा भास होतो, तो या मिळवणीमुळे.

काँगाच्या शेजारी दोन तालवादक आणखी असतात. बोंगो ही लहान जोडी गुडघ्यांत धरून वाजवली जाते. टिंबालेस म्हणजे धातूच्या कड्यांचे दोन उथळ ड्रम. ते काठ्यांनी वाजतात आणि त्यांच्याबरोबर घंटा व झांज लावलेली असते. टिंबालेसवादक पुष्कळदा पुडीला हात न लावता धातूच्या कडेवरच एक करकरीत, वळणावळणाचा ठेका वाजवतो; त्याला कास्कारा म्हणतात. याखेरीज पियानो, बास, आणि समोर ट्रम्पेट, सॅक्सोफोन व ट्रॉम्बोन अशी फुंकवाद्यांची फळी. सांचेझ बँडच्या पुढे राहून काँगा वाजवतात आणि अधूनमधून गातातही.

तिसरी पायरी : क्लाव्हे हातात घ्या

ही पायरी सर्वांत महत्त्वाची असल्याने येथे घाई करू नये. क्लाव्हे म्हणजे पाच आघातांचा एक सांगाडा. तो लाकडाच्या दोन दांड्यांवर वाजवता येतो, पण बँडमध्ये तो प्रत्यक्ष कोणी वाजवत असेलच असे नाही. तरीही प्रत्येक वादकाच्या मनात तो चालू असतो आणि जो तो आपले वादन त्याच्याशी जुळवून घेत असतो.

सोळा मात्रा मोजा, म्हणजे तीनतालाइतकेच आवर्तन मिळेल. त्यांतल्या १, ४, ७, ११ आणि १३ या मात्रांवर टाळी द्या. बोलांत मांडायचे तर ते असे दिसेल :

ता – – ता – – ता – | – – ता – ता – – –

पहिल्या अर्ध्या भागात तीन आघात आणि दुसऱ्यात दोन, म्हणून याला तीन-दोन क्लाव्हे म्हणतात. हेच दोन अर्धे उलट क्रमाने घेतले की दोन-तीन क्लाव्हे होते :

– – ता – ता – – – | ता – – ता – – ता –

तीनतालाची टाळी १, ५ आणि १३ वर येते व काल ९ वर. म्हणजे तीन-दोन क्लाव्हेशी तिची गाठ फक्त १ आणि १३ या मात्रांवर पडते, बाकी ठिकाणी दोन्हींची वाट वेगळी आहे. मध्यम लयीच्या चाचाचामध्ये हे पूर्ण आवर्तन साधारण चार सेकंदांत संपते, म्हणजे वेग द्रुत तीनतालाचा पडतो. त्यामुळे आरंभी रेकॉर्डशिवाय, संथ लयीत, पायाने १, ५, ९, १३ या मात्रा धरून हाताने क्लाव्हे देण्याचा सराव करावा. ४ आणि ७ या जागा पायाच्या दोन ठोक्यांच्या मध्ये, किंचित वाकड्या पडतात. त्या न घसरता पडू लागल्या की रेकॉर्ड लावावी.

एक नियम येथेच सांगून ठेवतो. रचना एकदा दोन-तीनमध्ये सुरू झाली की ते चक्र मध्येच पालटत नाही. धून दुसऱ्या बाजूने सुरू करायची असेल तर आधीच्या ओळीची लांबी त्या हिशेबाने ठेवली जाते. चुकीच्या बाजूने वाजवणारा वादक अनुभवी कानाला लगेच खटकतो. नवख्याला सुरुवातीला बाजू ओळखता येणार नाही आणि त्याची काळजीही करू नये. दोन्ही प्रकारे टाळी देऊन पाहावी. ज्या प्रकारात पियानो आणि कास्कारा टाळीशी भांडत नाहीत, तो प्रकार बरोबर.

चौथी पायरी : सम रिकामी राहते ती ऐका

आता फक्त बास ऐका. आठ मात्रांच्या एका घरात बास बहुतेक वेळा चौथ्या आणि सातव्या मात्रेवर वाजतो आणि सातवीवरचा स्वर पुढच्या घराच्या पहिल्या मात्रेवरून ओढून नेतो. ज्या पहिल्या मात्रेवर आपला कान घट्ट आघाताची अपेक्षा करतो, तिथे बास काहीच वाजवत नाही. तो आधीच येऊन गेलेला असतो, आणि पुढच्या घराची सुरावटही पुष्कळदा आपल्याबरोबर घेऊन आलेला असतो. आपला श्रोता गोंधळतो तो इथेच, कारण ओढून धरलेला सातव्या मात्रेवरचा स्वर त्याला सम वाटतो आणि मग पुढचे सारे गणित सरकते.

यावर उपाय असा की सम ऐकायची नाही, ती स्वतः पायाने द्यायची. रिकामी जागा श्रोत्याने भरावी अशीच या संगीताची मांडणी आहे. नाचणाऱ्यांचे पाय तेच काम करतात. आणि चार व सात या जागा कोणत्या, हे पाहिले तर उलगडा होतो : क्लाव्हेच्या तीन आघातांच्या बाजूचे शेवटचे दोन आघात याच मात्रांवर आहेत. बास त्या दोन जागा धरून बसतो.

काँगा याच घरात काय करतो? त्याच्या मूळ ठेक्याला तुंबाओ म्हणतात. डाव्या हाताचा तळ आणि बोटे आळीपाळीने पुडीवर टेकत राहतात, त्यांचा आवाज अगदी दबका. तिसऱ्या मात्रेवर उजव्या हाताची कोरडी चापट. आणि सातव्या व आठव्या मात्रेवर दोन मोकळे, गुंजणारे आघात. ऐकणाऱ्याला मुख्यतः ही चापट आणि हे दोन मोकळे आघात तेवढे कळतात. म्हणजे घराचा भार पहिल्या मात्रेवर नसून शेवटाकडे आहे, आणि बासचा सातव्या मात्रेवरचा स्वर काँगाच्या पहिल्या मोकळ्या आघाताशी एकजीव होतो. सांचेझ यांची खरी ताकद मला त्यांच्या एकल वादनापेक्षा या ठेक्यात दिसते. पाच-सहा मिनिटे तोच तुंबाओ, त्याच वजनाने, कोठेही न ढळता चालवणे हे दिसायला किरकोळ काम आहे, पण विलंबित एकताल न हलता धरून ठेवणाऱ्या तबलावादकाला त्याची किंमत विचारा.

पाचवी पायरी : रचनेचे टप्पे ओळखा

साधारण रचना अशी जाते : आधी फुंकवाद्यांवर मुख्य धून, मग एकेकाचे एकल वादन, त्यानंतर मोंतुनो नावाचा उघडा भाग, ज्यात पियानो दोन-चार घरांची एकच आकृती घोळवत राहतो. या भागात सुरुवातीपासून बोंगो वाजवणारा वादक बोंगो बाजूला ठेवून हातात मोठी घंटा घेतो. ती घंटा ऐकू आली की समजावे, रचना तापू लागली आहे. फुंकवाद्ये एकमेकांवर रचलेल्या छोट्या तुकड्यांनी आत येतात. गाण्यासारखी रचना असेल तर समूह एक ठरलेली ओळ म्हणतो आणि गायक प्रत्येक वेळी वेगळे उत्तर देतो.

काँगाचे एकल वादन बहुतेक येथेच येते, आणि तबला ऐकणाऱ्यांना ते सर्वांत ओळखीचे वाटेल, कारण मागे घोळणारा पियानो नेमके लेहऱ्याचे काम करत असतो. फरकही ध्यानात ठेवावा. तबलावादक तिहाई घेऊन समेवर उतरतो आणि दाद तेथे मिळते. काँगावादक क्लाव्हेशी झटापट करत लहान लहान वाक्ये रचतो, एखादे वाक्य हट्टाने पुन्हा पुन्हा वाजवून ताण वाढवतो आणि शेवटी इशारा देऊन सगळ्या बँडला एका ठरलेल्या, सर्वांनी मिळून वाजवायच्या तुकड्यात आणतो. तिहाईची वाट पाहत बसल्यास निराशा होईल.

सगळ्याच रचना क्लाव्हेच्या या चौकटीत बसत नाहीत. ‘अफ्रो ब्लू’सारख्या रचनेत तीन आणि दोन यांचा एकमेकांवर चढलेला झोका आहे, सहा मात्रांत पायाने दोन ठोके आणि हाताने तीन ठोके देता आले तर ती सहज उलगडते. दादरा ज्यांच्या कानात आहे त्यांना ती बहुधा पहिल्याच दिवशी आवडते.

सहावी पायरी : कोणत्या क्रमाने ऐकावे

आरंभ ‘लॅटिन सोल’पासून करावा, सोल संगीताच्या ओळखीच्या चालीमुळे कानाला आधार मिळतो. दुसरी १९९६ ची ‘काँगा ब्लू’, कारण तिच्यात मोंगो सांतामारिया स्वतः पाहुणे म्हणून आले आहेत आणि दोन पिढ्यांचे हात एकत्र ऐकायला मिळतात. कार्यक्रमातली ऊब हवी असेल तर २०१२ ची ‘लाइव्ह इन हॉलिवूड’. गायक रे चार्ल्स यांच्या आवाजासाठी २००३ ची ‘आउट ऑफ साइट’ अवश्य ऐकावी, पण ती काँगा शिकण्यासाठी नव्हे. ज्यांचा ओढा जॅझकडे अधिक आहे त्यांनी कोल्ट्रेन यांना वाहिलेल्या २०१९ च्या ‘ट्रेन्स डिलाइट’कडे थेट गेले तरी चालेल.

मग मागे फिरावे. कॅल चेडर यांची ‘ला ओंदा वा बिएन’, जिला १९८१ मध्ये ग्रॅमी मिळाला, तिच्यात तरुण सांचेझ बँडचे प्रमुख नसून फक्त काँगावादक आहेत. त्या तबकडीत ते किती कमी वाजवतात हे मुद्दाम ऐकण्यासारखे आहे. शेवटी गिलेस्पी-पोसो यांची १९४७ ची ‘मांतेका’ आणि ट्रम्पेटवादक टेरेन्स ब्लँचर्ड यांच्यासह सांचेझ यांनी २०११ मध्ये केलेली ‘चानो य डिझी’ पाठोपाठ लावावी. दुसरीत पोसो यांच्या रचनांची एक सलग गुंफण आहे आणि तिच्यात ‘मांतेका’ही आहे, त्यामुळे सहा दशकांत काँगाचा ठेका कोठे बदलला आणि कोठे तसाच राहिला याची थेट तुलना करता येते.

सातवी पायरी : हात लावून पाहायचा असेल तर

ऐकण्यासाठी वाजवता यायलाच हवे असे नाही, पण आठवडाभर तुंबाओ हाताने करून पाहिल्यावर कान झपाट्याने सुधारतो. एकच मधला काँगा पुरे. तोही नसेल तर लाकडी टेबल चालेल. अंगठ्या आणि घड्याळ काढून ठेवावे. बसून वाजवताना ड्रम किंचित कलता धरावा, कारण तो खालून उघडा आहे आणि जमिनीवर सपाट टेकला तर खर्ज कोंडतो. मोकळ्या आघातासाठी बोटे सरळ जुळवून तळव्याचा वरचा भाग कडेवर पडू द्यावा आणि हात लगेच उचलावा. चापटेसाठी बोटांना किंचित बाक देऊन टोके पुडीवर झटकन रोवावीत. खर्जासाठी पूर्ण तळवा मध्यभागी. चापट कोरडी यायला वेळ लागतो. ती जोर लावून येत नाही, आणि जोर लावत राहिल्यास बोटे सुजतात.

मग आठ मात्रांत हात असे ठेवावेत : पहिलीवर डावा तळ, दुसरीवर डावी बोटे, तिसरीवर उजवी चापट, चौथीवर डावी बोटे, पाचवीवर डावा तळ, सहावीवर डावी बोटे, सातवी आणि आठवीवर उजव्या हाताचे मोकळे आघात. तबलावादकांना इथे बोटांचे नाजूक काम विसरावे लागते. ढोलकीवाल्यांची अडचण वेगळी असते : त्यांचा हात जागा दिसली की भरतो, आणि तुंबाओमध्ये दबके आघात जितके दबके राहतील तितका शेवटचा मोकळा आघात उठून दिसतो. लग्गीचा मोह झाला तर पायाने सम आणि तोंडाने क्लाव्हे म्हणत वाजवावे. तोंड आणि पाय गुंतले की हाताला जादा काही करायला सवड उरत नाही. एका मध्यम लयीच्या चाचाचाबरोबर पूर्ण रचनाभर ठेका न मोडता चालला, म्हणजे खर्जाचा दुसरा ड्रम जोडायला हरकत नाही, आणि त्यावरचे आघात क्लाव्हेच्या तीनच्या बाजूला पडतील अशी काळजी घ्यावी.